बोटभर मागे

क्रॅडली हीथला रेल्वेच्या कमानीखाली आमचं गॅरेज.
वरून बर्मिंगहॅमची गाडी गेली की
रॅकवरचे पाने एकमेकांना हळूच विचारतात, झालं का.

आज किअरन आला. एकोणीस वर्षांचा,
बगलेत खोकं, चालण्यात नवरदेवाची ऐट.
मॅनिफोल्ड. चार नळ्या एका गळ्यात मिळालेल्या.
"स्टेनलेस आहे," म्हणाला, "तीनशे चार. निम्म्या किमतीत."
निम्मी किंमत ऐकली की माझा हात
आपोआप खिशातल्या चुंबकाकडे जातो.

फुटक्या स्पीकरमधला चुंबक, सुतळीला बांधलेला.
नळीजवळ नेला. टक्.
उधारी मागणारा पाहुणा चिकटावा तसा चिकटला.

पोरगं हिरमुसलं. मी म्हटलं, थांब,
चुंबकाच्या एका शब्दावर कुणाला फाशी देऊ नये.
स्टेनलेसमध्येही चिकटणाऱ्या जाती असतात.
मग कानस काढली,
फ्लँजच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी.
चकाकी गेली. खाली जरा पिवळट थर,
त्याखाली तांब्याचा पापुद्रा, केसाएवढा,
आणि त्याखाली करडं, साधं, गंजायला तयार बसलेलं लोखंड.

पितळेला कल्हई लावतात ती आतून, खाणाऱ्यासाठी.
ही बाहेरून होती, पाहणाऱ्यासाठी.

तरी ग्राइंडर फिरवला, मनात किल्मिष नको म्हणून.
हातभर लांब ठिणग्या, टोकाला फुटणाऱ्या, उधळ्या.
स्टेनलेस असतं तर ठिणगी आखूड, तांबूस,
चिक्कू माणसाच्या हसण्यासारखी.

"मग वेल्डही भंगारच असेल."
मी भिंग घेतलं.
नव्हतं.

करंजीच्या मुरडीसारखी एकसारखी चाल,
कडा खाल्लेली नाही, कुठे भोक नाही.
नळीत टॉर्च धरली. मुळापर्यंत उतरलेलं काम.
आणि जिथे टाका संपतो
तिथून कारागीर पळाला नव्हता.
बोटभर मागे वळून, खड्डा भरून, मग उचलला होता हात,
उचलताना डावीकडे एक बारीकशी आकडी.
चारही नळ्यांवर.

ही आकडी मला माहीत होती.

शिरोली एमआयडीसी. शेडचा नंबर विसरलो.
मुजावरचाचा, डावी करंगळी अर्धी,
माझ्या पाठीत गुद्दा घालून सांगायचे,
"शेवटाला आलास की घाई सुटती तुला.
फट तिथंच पडती, बाळा. बोटभर मागं ये, मग उचल."

असेल दुसरा कुणीही.
खोक्यावर गावाचं नाव नाही, देशाचंही धड नाही,
आणि चाचांनी काय मला एकट्यालाच गुद्दे घातले होते?
पण क्षणभर ते दिसले,
मुखवटा वर करून नळी नखानं वाजवताना.
आवाजावरूनच कळलं असणार त्यांना, काय हाती दिलंय ते.
वर मुलामा कुणी चढवला, खोक्यावर कुणी काय छापलं,
ते त्यांच्या शेडच्या बाहेरचं.
त्यांनी तेही लोखंड नीट सांधलं.

"फेकून देऊ?" किअरन.
पैसे परत माग, म्हटलं. खोटं लिहिलंय.
नाहीच मिळाले तर बसव.
दोन हिवाळे जातील. रस्त्यावर मीठ टाकतात इथे,
गळेल एखादी नळी मधेच कुठेतरी.
सांधा सगळ्यांत शेवटी जाईल.

"बॉस्टिन," म्हणाला, का ते त्यालाच ठाऊक,
आणि चुंबक मागून घेतला.
मग गॅरेजभर लावत सुटला: जॅकला, शटरला,
केटलला, कुत्र्याच्या पट्ट्याला,
शेवटी माझ्या जेवणाच्या डब्याला.
नाही चिकटला. पुन्हा लावला.
"हे खरं," त्यानं निकाल दिला.

न चिकटणारंही हलकं निघतं कधीकधी.
ते मी उद्या सांगेन.